शाळेची सीर

पेचियम्माळने शाळेच्या बंद खोलीची कडी धरून ओढली. कुलूप नुसतं खडखडलं.

खिडकीतून आतलं सगळं दिसत होतं. बाकं एकावर एक रचलेली, पंखे खोक्यांत, खुर्च्यांवर अजून प्लास्टिक. गेल्या पोंगलला गावाने ढोल लावून, ताटांत नारळ-केळी-फुलं घेऊन शाळेला ही सीर आणली होती. लेकीच्या सासरी माहेरचा आहेर न्यावा तशी. सगळ्यात पुढे पेचियम्माळच होती. आणि आज शेजारच्या वर्गात तिची नात वडिवु गळक्या छपराखाली, ओल्या फरशीवर पोतं टाकून बसली होती. तिच्या बापाने सकाळीच सांगितलं होतं, सोमवारपासून पोरगी तालुक्याच्या खासगी शाळेत.

"मास्तर, ही शाळा की वखार?"

हेडमास्तर अरुळसामी लगबगीने ऑफिसातून खुर्ची घेऊन आले. "बसा आजी. तपासणीला वस्तू मोजतात हो. पोरं मोडणार आणि जाब मला."

खुर्ची सीरीतलीच होती; पाठीवर लाल रंगात पेचियम्माळच्या नवऱ्याचं नाव होतं. तिचं डोकंच फिरलं.

"मेलेल्या माणसाच्या नावाला टेकून तुम्ही बसता, आणि त्याची नात चिखलात? लाज कुठे ठेवलीत? तीपण आत कोंडलीत का?"

वर्गातून शेन्बगम टीचर बाहेर आली. हात खडूने माखलेले. "सर, मी कधीची सांगतेय. काही मोडलं तर माझ्याकडून भरून घ्या."

"तू का भरशील गं?" पेचियम्माळ म्हणाली. "गावात सुतार आहेत, वेल्डर आहेत. त्यांचीच पोरं शिकतात इथे. आईबाप येतील, ठोकून देतील."

"वर विचारावं लागेल," हेडमास्तर पुटपुटले.

"तुमच्या लेकीचा आहेर तिच्या सासूने असा कोंडला असता, तर कुणाला विचारायला गेला असता?"

हेडमास्तरांनी खिशात हात घातला. किल्ली निघाली.

पहिलं बाक त्यांनी आणि टीचरने मिळून वर्गात आणलं. वडिवु आणि तिच्या तीन मैत्रिणी त्यावर एकदम बसल्या, आणि काडकन फळी उखडली. पोरी उठून भिंतीला चिकटल्या. सगळे हेडमास्तरांकडे बघू लागले.

"त्यांच्याकडे काय बघता?" पेचियम्माळ कडाडली. "मोडलं ना? आत्ता कुठे ते शाळेचं झालं. जा गं वडिवु, बापाला बोलाव. म्हणावं, हातोडा घेऊन ये."