शुमकारच्या डोक्यावरची टोपी

गाव सोडून अर्धा तास झाला नव्हता, तोवर शुमकारने मागच्या सीटची चादर फाडली होती, दोन्ही काचा लाळेने माखल्या होत्या, आणि आता तो म्हाताऱ्या तोक्तोसुनच्या छातीवर पुढचे पाय रोवून उभा होता. उद्या सकाळी बिश्केकचे डॉक्टर जी छाती उघडणार होते, तीच ही छाती.

"उतरवा त्याला, आताके," गाडी चालवणारी नुरझादा आरशात बघत बापाला म्हणाली.

"उतरवून उतरवून हात भरून आले. तू रस्ता बघ."

शुमकार शिकारी कुत्रा. जन्मात जेव्हा जेव्हा गाडीत बसला, तेव्हा उतरल्यावर पुढे कोल्हा नाहीतर ससा होता. गाडी म्हणजे शिकार, एवढंच त्याला ठाऊक, आणि तेही तोक्तोसुननेच शिकवलेलं. आता इस्पितळ त्याला कोण समजावणार? मागच्या खेपेला घरी बांधून ठेवला, तर दोर कुरतडून गाडीमागे पळत सुटला आणि चारी पंजे सोलून घेतले. म्हणून या वेळी म्हाताऱ्याने बजावलं होतं, तो गाडीत नसेल तर मीही नाही.

नुरझादाने सगळं करून पाहिलं. गुंगीची गोळी मटणाच्या तुकड्यात घालून दिली. त्याने मटण गिळलं आणि गोळी तेवढी थुंकली. काच खाली केली, तर अर्धा बाहेर गेला. गाणी लावली, तर गाण्याच्या वरताण भुंकला. पुढे वळणावर मेंढ्यांचा कळप आडवा आला आणि शुमकारने अशी उसळी घेतली, की तोक्तोसुनच्या तोंडून शब्द फुटेना. त्याचे ओठ निळे पडले.

तिने गाडी कडेला घेतली. बापाच्या जिभेखाली गोळी ठेवली, पाणी पाजलं. मग तिला रडू आलं.

"मी काय करू सांगा ना. तुम्हाला धरू की त्याला?"

तोक्तोसुनचा श्वास हळूहळू खाली बसला. मग त्याने डोक्यावरची कोल्ह्याच्या कातड्याची टोपी काढली.

"शिकारीच्या गरुडाला डोळ्यांवरून टोपी घातली की कसा मुकाट बसतो," तो म्हणाला. "दिसलं तरच जीव कासावीस होतो. मला आधी सुचायला हवं होतं."

"नाही हं, आताके." तिने त्याचं मनगट धरलं. आपली टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर गेली की आपलं नशीब तिच्याबरोबर जातं, हे तिला त्यानेच शिकवलं होतं. "माझा रुमाल बांधते ना त्याला. लहानपणी मी तुमची टोपी कोकराला घातली, तर थोबाडीत मारली होतीत मला."

"ते कोकरू होतं. आणि तुझ्या रुमालाला साबणाचा वास येतो. त्यानं नाही बसायचा हा."

त्याने टोपी शुमकारच्या नाकापर्यंत ओढली आणि कानपट्ट्या हनुवटीखाली बांधल्या. कुत्रा एकदा थरथरला. त्याने आत लांब श्वास घेतला, आणखी एक घेतला, आणि म्हाताऱ्याच्या मांडीवर मान टाकली. पुढचे चार तास गाडीत फक्त इंजिनाचा आवाज होता. नुरझादा आरशात बघायची आणि तिला बापाचं उघडं डोकं दिसायचं. किती पांढरं झालं होतं ते. टोपीशिवाय तिने ते कधी नीट पाहिलंच नव्हतं.

इस्पितळाच्या दारात एक परिचारिका चाकांची खुर्ची घेऊन आली. तोक्तोसुनने कुत्र्याची मान हळूच उचलून सीटवर ठेवली आणि तो खाली उतरला. नुरझादाचा हात टोपीच्या गाठीकडे गेला.

"राहू दे," तो म्हणाला.

"आज तरी असं उघड्या डोक्याने आत जाऊ नका. पाया पडते तुमच्या."

"परतीचा रस्ता लांब आहे, पोरी. तुला एकटीला शुमकार आवरायचा नाही."

ती काही बोलायच्या आत खुर्ची वळली. दारातून आत जाताना त्याने सवयीने हात डोक्याकडे नेला, केसांवरून फिरवला आणि खाली घेतला. दार मिटलं.

ती गाडीत येऊन बसली. गरुडाची टोपी शिकार समोर आल्यावरच काढतात, हे शुमकारने शंभरदा पाहिलेलं. तो आता उठून ताठ बसला होता, टोपीखाली, अगदी शांत. इस्पितळाचं दार वाजलं की त्याची शेपटी सीटवर एकदा आपटायची, आणि मग तो पुन्हा वाट बघायचा.