थँक्यूचा मान

आईच्या शिवणाच्या दुकानात दोघी काम करायच्या, पोटची लेक आणि पगारावर ठेवलेली एक कारागीर बाई. कारागीर बाईने कात्री दिली की आई साखरेसारख्या गोड आवाजात म्हणायची, "थँक्यू हं, बाई." तीच कात्री लेकीने दिली की, "आण इकडे! किती वेळ लावतेस गं!"

लेकीच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. एकदा काज करता करता तिने फणकारून विचारलंच, "मला मेलीला कधी थँक्यू नाही ते?"

"आपल्या माणसाला कसलं आलंय थँक्यू? ते परक्यांना," आई दाताने दोरा तोडत म्हणाली. लेकीला ते काही केल्या पटलं नाही.

वर्षं गेली. दुकान बंद झालं, आईला माणसं ओळखू येईनात. एका दुपारी ती जुनी कारागीर बाई भेटायला आली आणि तिने आईचा चष्मा उचलून पुढे केला.

"आण इकडे! किती वेळ लावतेस गं!" आई तिच्यावर खेकसली.

लेक जागच्या जागी जळफळली. मग तिने पाण्याचा पेला आईच्या हातात दिला.



"थँक्यू हं, बाई."