मूळचं इंजिन

श्रीरंग बॉनेटशी उभा राहून वडिलांकडे बघत होता. आप्पांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक धडधडत्या इंजिनावर टेकवून त्याची मूठ कानाला लावली होती. त्यांचे डोळे गेले होते, तरी कान तिखट होते.

आजोबांनी घेतलेली ही लाल स्पोर्ट्स कार. ऑइलचा दिवा पेटलेला दिसूनही श्रीरंगनं ती आंबा घाटात तशीच दामटली आणि इंजिन जाम झालं. आप्पा आत्याकडून परतायच्या आत गॅरेजच्या मिस्त्रींनी तिच्यात दुसऱ्याच गाडीचं इंजिन बसवून दिलं.

"हे आपलं इंजिन नाही," आप्पा म्हणाले.

श्रीरंगनं आत वाकून किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं.

"तू काढलंस तेही मूळचं नव्हतं. मूळचं मीच घालवलं, तुझ्याएवढा असताना, आणि गुपचूप दुसरं बसवलं. तुझ्या आजोबांनी असाच कान लावला आणि म्हणाले, 'झकास चालतंय.'"

"म्हणजे त्यांना कळलं नाही?"

"कोण जाणे! ते जाईपर्यंत, गाडी काढली की माझा जीव टांगणीला लागायचा. आज विचारतील, उद्या विचारतील." आप्पांनी चाचपडत स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातात दिला. "तुझ्या जिवाला तो घोर नको. मला कळलंय."