पहिला तोडा

शेवटचा वेल मुळासकट निघाला, तेव्हा कुठे सत्यभामेने त्या वावरात पाय ठेवला. अचलपूरच्या रस्त्यालगतचं ते वावर तिच्याच घरचं. पण द्राक्षं लागल्यापासून ती बांधावरूनच परत फिरायची. तारांवरून ओढलेले वेल ढिगाने पडले होते. त्यांना हिरवे, कच्चे घोस धरलेले होते.

"माय, एवढा बहार तरी निघू द्यायचा होता," तिचा लेक देवानंद म्हणाला. "बाबा असते तं..."

"दारूचं फळ हाय थे. पुन्यांदा नाव काढू नको."

देवानंद मोकळ्या तारा गुंडाळू लागला.

आधी इथे संत्र्याची बाग होती. ती पाण्यावाचून वाळली. कापसानेही दगा दिला. मग तिच्या नवऱ्याने, शेषरावांनी, नाशिककडच्या एका वाईन कंपनीच्या भरवशावर शिराज द्राक्षं लावली. आणि घर तर महानुभाव पंथाचं. दारू सोडा, तिची सावलीही नको. बागेचं पहिलं फळ रिद्धपूरच्या मठात न्यायची पिढीजात रीत. हे फळ देवापुढे कोणत्या तोंडाने न्यायचं? सत्यभामा परतवाड्याच्या बाजारातून संत्री घ्यायची आणि ओशाळ्या मनाने मठात ठेवायची. शेषराव दर हंगामात एक घोस ओसरीवर आणून ठेवत. "चाखून तं पाय," म्हणत. ती तो बकरीपुढे टाकायची. बकरीची तेवढी चंगळ झाली.

मठात मात्र तिला प्रसादाला काळे मनुके मिळत. बारीक, दाताखाली बी कुरकुरणारे, पण गोडी अशी की जिभेवरून जाता जात नसे. ती चार मनुके पदराला बांधून आणायची आणि नवऱ्याच्या तळहातावर ठेवायची.

"हे खाऊन पाहा. द्राक्ष असावं तं असं. नाईतं तुमचं."

शेषराव सावकाश चावत. "खरंच गोड हाय," एवढंच म्हणत.

पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि ते गेले. त्या माणसाशी आपण जरा गोडीने बोलायला हवं होतं, असं सत्यभामेला अलीकडे फार वाटे. पण वेलांची गोष्ट वेगळी. वेल तिने काढायलाच लावले.

दुसऱ्या दिवशी ती रिद्धपूरला गेली. मन हलकं होतं. मठातल्या म्हाताऱ्या तपस्विनी पार्बताबाई ओट्यावर बसल्या होत्या. सत्यभामेने दंडवत घातला. वावर शुद्ध झालं, पुढे घरचीच संत्री आणीन, हे सांगायला तिने तोंड उघडलं. तेवढ्यात पार्बताबाईंनी तिच्या हातावर दोन मनुके ठेवले.

"एवढेच उरले, सत्यभामा. शेषरावजींच्या हातचे सरले आता."

"यायच्या हातचे?"

"तुह्याच वावरातले हायेत. पयला तोडा दरसाली इथंच आनून द्यायचे. आमी माळदावर उन्हात वाळवत होतो. फळाले कायचं पाप, म्हनत. अन् मले बजावत, तिले सांगू नका, थे खानार नाई." पार्बताबाई हसल्या. "आता औंदाचा तोडा तूच घेऊन ये. घोस धरले असतीन ना?"