कपाटामागची वायर

"सिग्नल येतोय, पण निम्माच," केबलवाला हातातल्या मीटरवरून नजर न हलवता म्हणाला. "मध्येच कुठेतरी वाटणी होतेय."

"ऐकलंस?" मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. त्यांचा चेहरा खटला जिंकल्यासारखा झाला होता. "वाटणी!"

"वाटणी कधीच झालीय," ती म्हणाली. मग केबलवाल्याकडे वळली. "भाऊ, तुम्ही आधी गच्चीवरची वायर बघून घ्या ना. उन्हात खराब होतात म्हणे."

मास्तरांना गच्चीशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांचं बोट मघापासून समोरच्या भिंतीवर रोखलेलं होतं. भिंतीपलीकडे धाकटा भाऊ राहत होता. वडील गेल्यावर मोठ्या खोलीच्या मधोमध ही एका विटेची भिंत उभी राहिली. तिचं प्लास्टर वाळायच्या आत दोघांचं बोलणंही बंद झालं. तेव्हापासून जिन्यात समोरासमोर आले की धाकटा मोबाइल काढायचा आणि मास्तर किल्ल्या चाचपायचे.

मास्तर घरूनच कॉम्प्युटरवर हिशोबाचे क्लास घेत. हल्ली ऐन शिकवताना चित्र गोठायचं. "सर, तुम्ही तोंड उघडं ठेवून थांबलात," असं मुलं सांगायची. आधी हसायची. मग एकेक जण दुसऱ्या क्लासला जायला लागला. आणि नेमकं त्याच वेळी पलीकडून क्रिकेटची कॉमेंट्री ऐकू यायची, तीही न अडखळता. मास्तरांनी मनाशी ताळा जुळवला. कंपनीला फोन करून त्यांनी विचारूनही घेतलं होतं. चोरीची लाइन सापडली की केबलवाला फोटो काढतो, फोटो ऑफिसात जातो, ऑफिस पोलिसांत तक्रार देतं. धाकटा बँकेत कॅशवर बसत होता. तिथे बसणाऱ्या माणसावर चोरीची तक्रार झाली तर काय होतं, हे मास्तरांना चांगलं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच आज केबलवाल्याला बोलावलं होतं.

"वरचा डबा उघडल्याशिवाय मी कुणाचं नाव घेत नाही," केबलवाला म्हणाला. हत्यारांची पिशवी खुर्चीवर ठेवून तो जिना चढला.

मास्तरांनी त्या भिंतीला लागून असलेल्या कपाटाला हात घातला.

"अहो, पाठ धरेल," बायको आडवी आली. "ते येतील ना एवढ्यात."

"तू बाजूला हो."

"कपाटामागे काय असणार? जळमटं असतील."

"जळमटं असतील तर तू एवढी घाबरतेस का?"

ती बाजूला झाली. तिच्या गप्प राहण्यानं मास्तरांच्या मनात नवाच किडा वळवळला. ही त्यांना सामील तर नाही? जावाजावांचं पाण्याच्या टाकीपाशी काय चालतं, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. त्यांनी कपाट करकरत पुढे ओढलं.

जळमटं नव्हती. खिडकीतून आलेली त्यांची पांढरी वायर होती. आणि भिंतीच्या तळाशी, बोट जाईल एवढ्या भोकातून, एक काळी वायर निघाली होती. दोन्ही वायरी टेपनं नीट एकत्र बांधून वर शेल्फापर्यंत नेलेल्या होत्या. काम सफाईचं होतं. धाकट्याचा हात लहानपणापासून असाच साफ होता.

"तुला माहीत होतं," मास्तर म्हणाले.

बायकोनं मान खाली घातली. "आधी माझं ऐकून तर घ्या."

त्यांनी पिशवीतली पकड उचलली आणि भोकाजवळ काळी वायर कचकन तोडली. मग भिंतीला कान देऊन उभे राहिले. पलीकडची कॉमेंट्री आता बंद पडणार होती.

पलीकडे कुणीतरी चौकार मारला. टाळ्या झाल्या. दुसरा चेंडू टाकला गेला.

इकडे शेल्फवरच्या मोडेमचा हिरवा दिवा दोनदा लुकलुकला आणि विझला.

"साहेब!" गच्चीवरून केबलवाल्याची हाक आली. मास्तरांनी खिडकीतून मान बाहेर काढली. "तुमची पांढरी वायर इथे डब्यापाशीच तुटलीय! आजची नाहीये, तुटलेल्या टोकाला गंज चढलाय. मग इतके दिवस तुमचं नेट चाललं कशावर?"

मास्तरांची मान हळूहळू आत आली.

"गेल्या वर्षी रंगकाम झालं ना, त्या परांचीवाल्यांनी तोडली," बायको हळू आवाजात म्हणाली. "तुमची परीक्षेची बॅच चालू होती. कंपनीवाले नुसते आज येतो, उद्या येतो करत होते. शेवटी मी भाऊजींना सांगितलं. तुम्ही बाजारात गेलात तेवढ्यात त्यांनी भोक पाडून त्यांच्या लाइनला जोड दिला. त्यांच्याकडचंही अडकतं हो अधूनमधून. पण म्हणाले, दादाला कळू देऊ नका वहिनी, कळलं तर तो घेणार नाही."

पकड अजून मास्तरांच्या हातात होती. एका विटेची भिंत. कपाट सरकलेलं, पकडीचा आवाज, आताचं बोलणं, सगळंच पलीकडे ऐकू गेलं असणार.

कॉमेंट्री बंद झाली. पलीकडे खुर्ची मागे सरकली. कुणीतरी भिंतीपाशी येऊन खाली बसलं.

भोकातलं काळ्या वायरचं तुटकं टोक हललं. आता तो ती ओढून घेणार. मास्तरांनीही तेच केलं असतं. ते टोकाकडे बघत राहिले.

टोक पुढे आलं. नवा जोड बसेल एवढी, वीतभर वायर पलीकडून आत सरकवली गेली.