झाकणावरचा शेंदूर

"बाईमाणूस ट्रॅक्टरवर बसलं की असंच व्हायचं," दीर म्हणाला. "डिझेलचा पंप गेलाय, वहिनी. उद्या मिस्त्री आणतो, आणि यापुढं ट्रॅक्टर मीच चालवणार."

शालन सीटवरून हलली नाही. आभाळ भरून आलं होतं. आज द्राक्षांवर फवारणी झाली नाही, तर डावणीचा रोग अख्खी बाग खाणार होता. ट्रॅक्टर मात्र सकाळपासून दोन ओळी नीट जायचा, मग गुदमरून बंद पडायचा. जरा थांबलं की पुन्हा सुरू.

डिझेल बघायला म्हणून तिनं टाकीचं झाकण फिरवलं, तशी टाकीनं फुस्सदिशी हवा आत ओढली. शालननं झाकण उलटंसुलटं करून पाहिलं. हवा जायच्या बारीक भोकावर शेंदूर थापलेला, वाळून दगड झालेला. वरून हवाच जात नव्हती, तर डिझेल खाली उतरणार कसं?

गेल्या आठवड्यात दसऱ्याला ट्रॅक्टरची पूजा दिरानंच केली होती; त्यानंतर ट्रॅक्टर आजच बाहेर काढला होता. विधवेचा हात नको म्हणून तिला लांब उभं केलं होतं.

तिनं पदराची पिन काढली.

"देवाचा शेंदूर खरवडताय?" तो ओरडला.

"खरवडतेय."

भोक मोकळं करून तिनं चावी फिरवली. दोन ओळी झाल्या, तिसरीही न अडखळता झाली. चौथीच्या तोंडाशी दीर वाट अडवून उभा होता.

"पुढच्या दसऱ्याची पूजा मी करणार," ती म्हणाली. "आता बाजूला व्हा, भाऊजी. डोळ्यांत औषध जाईल."