चढणीआधीचा थांबा

विठ्ठलवाडीच्या चढणीवर गाडीने तिसऱ्यांदा मान टाकली तेव्हा त्र्यंबक अण्णा खाली उतरले, छत्री उघडली आणि एवढंच म्हणाले, "गॅब्रिएल, शनिवारपर्यंत."

शनिवारपर्यंत काय, हे विचारायची गरज नव्हती. अण्णा कचेरीतले निवृत्त शिरस्तेदार. आयुष्यभराची पुंजी ओतून त्यांनी मुंबईच्या लिलावात ही जुनी वाफेची मालगाडी घेतली होती. रुळांवरची नव्हे, सडकेवरून चालणारी. कल्याण बंदरावरून तिने मिठाची पोती न्यायची आणि बैलवाल्यांनी नुसतं बघत राहायचं, असा बेत होता. बैलवाले बघत होते खरे, पण पोट धरधरून हसतही होते. शनिवारी गाडी चढण चढली नाही तर ती जाणार भंगारात आणि तिचा चालक गॅब्रिएल जाणार ठाण्याला, आपल्या घरी.

घरी जायला त्याची ना नव्हती. पण बेसिलकाकांनी आपली लेक बिट्रिस त्याला द्यायचं कबूल केलं होतं ते या नोकरीकडे बघून. नोकरी गेली की सोयरीक मोडलीच. बिट्रिसशिवाय जगायचं या कल्पनेनेच त्याच्या तोंडचं पाणी पळत होतं.

गाडीचं दुखणं दर वेळी तेच. बंदरावर टाकी काठोकाठ भरायची. चढणीच्या पायथ्यापर्यंत गाडी गुणी सुनेसारखी चालायची. चढण अर्धी झाली की बॉयलर तापून लाल, आतलं शिशाचं बूच वितळायचं आणि त्यातून सुटलेल्या वाफेने विस्तव विझायचा. टाकी उघडून पाहावी तर कोरडी ठणठणीत.

गॅब्रिएल मुंबईच्या गिरणीत बॉयलरवर शिकलेला. त्याने पंप खोलून पाहिला. पंप ठाकठीक. नळी काढून आतला क्षार खरवडला. टाकीला भोक असेल म्हणून ती दिवसभर भरून ठेवली, तर थेंब गळला नाही. कोळसा कमी टाकला, तर गाडी हलेचना.

"मग पाणी जातं कुठे?" अण्णांनी विचारलं.

"चढणीला जास्त पीत असेल, अण्णा."

"अरे, अख्खी टाकी? मी गाडी विकत घेतली आहे की अगस्ती ऋषी?" मग त्यांनी आवाज खाली आणला. "मला त्या दगडूचा संशय येतो."

दगडू खाडीकाठच्या आगरी पाड्यातला. तीस वर्षं त्याने अण्णांची बैलगाडी हाकली होती. वाफेची गाडी आली तशी अण्णांनी बैलजोडी विकली आणि दगडूला कोळसा टाकायला, चाकांना दगड लावायला ठेवून घेतलं. ज्याचे बैल गेले, तो वाफेचं भलं कशाला चिंतील?

गॅब्रिएलला मात्र हे पटेना. दगडू रोज गाडी पुसायचा. धुराड्याला तो शिंग म्हणायचा आणि गाडीला शिंग्या. बूच वितळलं की सगळ्यात आधी त्याचेच डोळे भरायचे. तरी विचारलेलं बरं.

"दगडू, खरं सांग. गाडीला काय करतोस तू?"

"मी? जीव लावतो. दुसरं काय करनार?"

"टाकीला हात लावतोस?"

"वाईट हात कदी लावला नाय, देवाशप्पत. पोटच्या पोरावानी सांभालतो त्याला."

हे तो डोळ्याला डोळा भिडवून म्हणाला. गॅब्रिएलला आपलीच लाज वाटली.

राहता राहिली चढण. तिच्या पायथ्याशी एक मोठी चिंच होती. जुने गाडीवाले बैलांना तिथे घटकाभर थांबवत. गॅब्रिएलही गाडी तिथेच उभी करायचा आणि पुढे चालत जाऊन वरून कोणी बैलगाडी येत नाही ना, ते बघून यायचा. धूर पाहिला की बैल बुजत. मागे दगडू चाकांना दगड लावून निवांत शीळ घालत राहायचा. चिंचेखालची माती कायम ओली असायची.

शनिवारी अर्धं कल्याण सडकेवर लोटलं. बेसिलकाका रविवारचा कोट घालून आले होते. ते गाडीकडे बघत नव्हते, होणाऱ्या जावयाकडे बघत होते. गॅब्रिएलने स्वतःच्या हाताने टाकी भरली.

"दगडू, आज हिला नीट जप."

"आज दुप्पट जपतो," दगडू म्हणाला आणि त्याने गाडीच्या पत्र्यावर थोपटलं.

गाडी चिंचेपाशी पोचली. आज पुढची वाट बघायला खुद्द अण्णा निघाले, छत्री उंच धरून. लोक त्यांच्यामागे गेले. गॅब्रिएलला राहवेना. टाकीखालची नळी एकदा शेवटची बघावी म्हणून तो कोणाला न सांगता गाडीखाली शिरला आणि त्या ओल्या मातीत उताणा पडला. नळी पक्की. टाकी रिकामी करायची तोटी घट्ट. त्याने छातीवर क्रुसाची खूण केली आणि बिट्रिसचा चेहरा डोळ्यांपुढे आणला.

तेवढ्यात दगडूचे अनवाणी पाय आले. चाकांना दगड लागले. मग रोजची ती शीळ सुरू झाली, लांब आणि हळुवार, आणि एक काळा हात गाडीखाली येऊन तोटीवर विसावला. गॅब्रिएल तोंड उघडणार, तोच तोटी फिरली आणि कोमट पाण्याची भलीथोरली धार बरोबर त्या उघड्या तोंडात पडली.

"कर रे शिंग्या, लाजू नको," वरून दगडू लाडाने म्हणत होता. "माझं बैल पन हितंच मोकलं व्हायचं. भरल्या पोटी चढ चढवत नाय."